पाठचं पाणी

अर्जातला तिसरा रकाना भरायचा म्हणून तेजस्वीने आपलाच जुना व्हिडिओ उघडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याखालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. शनिवार होता. सकाळची शाळा आटोपून ती कणकवलीच्या घरी आली होती, गॅसवर कुकर होता, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता आणि अर्जाची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. रकान्यात विचारलं होतं: तुम्ही तयार केलेल्या साहित्यातून शाळेबाहेरची एखादी प्रौढ व्यक्ती काही शिकली आहे का? असल्यास पुरावा द्या. शाळेबाहेरचं कोण कशाला शिकायला बसलंय, असं मनात म्हणतच ती खाली खाली जात होती. अकरा प्रतिक्रिया होत्या. नऊ तालुक्यातल्या शिक्षकांच्या, सगळ्या एका साच्यातल्या, 'खूप छान मॅडम' आणि जोडलेले हात. त्यांच्या व्हिडिओंखाली हिनेही तेच लिहिलेलं होतं. दहावी कुणा टवाळाची. अकरावी अशी होती: 'म्याडम व्हिडीओ मस्त. माका सगळा समाजला. आता सासूक इचारूचा लागाचा नाय. रुक्मिणी, दिव्याची आई.' बाजूला बारीक अक्षरांत, चार वर्षांपूर्वी. कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली. तेजस्वी उठली, तिने गॅस बंद केला, आणि मग दाराला कडी आहे ना हेही जाऊन पाहिलं. भरदुपारी, स्वतःच्या घरात, कडी कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रुक्मिणी खाडीत बुडून मेली त्यालाही चारच वर्षं झाली होती.

व्हिडिओ चार मिनिटांचा. टाळेबंदीत केलेला, शाळा बंद आणि शिक्षक मात्र चालू असे ते दिवस. तेजस्वी तेव्हा मिठबावला, म्हणजे माहेरच्याच गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती आणि तालुक्याच्या यादीत तिच्या नावापुढे 'तंत्रस्नेही' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की कुणाच्याही मोबाइलात काहीही अडलं की मुख्याध्यापकांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी हिला फोन करायचा. चौथीला भरती-ओहोटीचा पाठ होता. पुस्तकातला चंद्र दाखवून मोकळं होण्यापेक्षा बाबांचा हिशेब मुलांना द्यावा असं तिच्या मनात आलं, आणि ते आपल्या मनात आलं याचा तिला अजून अभिमान होता, आज दुपारपर्यंत होता. बाबा म्हणजे बाबली, जन्मभर खाडीच्या तोंडाशी जाळी टाकलेला माणूस. हातात घड्याळ कधी नाही, भिंतीवर कॅलेंडर तेवढं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन, दुपारी सव्वादोनला भरती. तिथून सहा तास मागे या, सकाळी सव्वाआठला ओहोटी. माडाला टेकवलेल्या फळ्यावर तिने हे सुरेख अक्षरात लिहून दाखवलं होतं, तृतीयेचंच उदाहरण घेतलं होतं, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली होती, "मुळे, तिसऱ्या या शिंपल्या काढायला खाडीत कधी जायचं? ओहोटीची वेळ काढायची आणि त्या वेळेला आपण जायचं. आहे की नाही सोपं?" त्या 'सोपं'वर ती हसली होती. हसताना ती बरी दिसते हे तिला ठाऊक होतं, म्हणून ते हसू तिने मुद्दाम ठेवलं होतं.

ती पौषातली वद्य तृतीयाच होती. हे तेजस्वीला आज आठवावं लागलं नाही. हे तिला चारही वर्षं माहीत होतं. फक्त ते मनाच्या ज्या खणात होतं त्या खणात व्हिडिओ नव्हता. रुक्मिणी फोंड्याकडची, घाटाच्या पायथ्याची. भात, काजू, गुरं यांत वाढलेली. तिच्या माहेरची नदी जन्मभर एकाच बाजूला वाहत होती. लग्न होऊन मिठबावला आली, नवरा मुंबईला कामावर, घरात सासू नर्मदा आणि मुलगी दिव्या. सकाळची भाकरी, गुरांचं शेण, मुलीची वेणी हे सगळं उरकून ती सव्वाआठला खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर पोचली असणार. अगदी ठरल्या वेळेला. पुनवेनंतरची तिसरी, उधाणाचं पाणी. ओहोटी सव्वाआठला, याचा अर्थ सव्वाआठला पाणी तळाशी थांबतं आणि वळतं; गावातल्या बायका तोवर पाट्या डोक्यावर घेऊन काठाला लागलेल्या असतात. त्या पाणी सुटतं तेव्हाच, दोन-दोन तास आधी, मागोमाग उतरतात. हे मिठबावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. ते कुणी कुणाला सांगत नाही. सांगायचं असतं हेच कुणाला माहीत नाही. रुक्मिणी आली तेव्हा त्या परतत होत्या. कुणी तरी हाकही मारली म्हणे, पण ही म्हणाली, आताच तर ओहोटी लागली. खाली वाकून वाळू उकरत राहिली असेल तासभर. पट्टा उंच असतो, तो शेवटपर्यंत कोरडा राहतो. पट्टा आणि काठ यांच्या मधली धार आधी भरते. माणसाची पाठ असते तिकडे.

तेजस्वीने लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं. मग पुन्हा उघडलं. प्रतिक्रियेच्या टोकाला तीन टिंबं होती. त्यावर टेकलं की 'काढून टाका' असं येत होतं. दोन वेळा बोट टेकायचं, बस्स. चार वर्षांत ते कुणी वाचलेलं नव्हतं, वाचलं असेल तरी जोडलेलं नव्हतं. पण आता ती स्वतःच्या हाताने हा दुवा पुण्याच्या विद्यापीठाला पाठवणार होती. पाच शहाणी माणसं एका खोलीत बसून तो उघडतील, खाली खाली येतील. त्यांना काय कळणार, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. त्यांना काहीच कळणार नाही. ते उलट खूशच होतील. 'आता सासूला विचारावं लागणार नाही': प्रौढ व्यक्ती, शाळेबाहेरची, शिकून स्वतंत्र झालेली. याहून चांगला पुरावा अख्ख्या महाराष्ट्रात कुणाकडे नसेल. हा विचार मनात आला आणि ती उठून मोरीत जाऊन उभी राहिली. उलटी झाली नाही. नुसतं तोंडाला पाणी सुटत राहिलं, खारट.

अर्ज तिने तीन महिने लिहिला होता. शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात एम.ए., दोन वर्षं, पूर्ण वेळ. अभ्यासरजेसाठी वयाची जी अट होती ती पुढच्या जूनमध्ये हातातून जाणार होती. म्हणजे आज, नाही तर कधीच नाही. पंधरा वर्षं ती दुसऱ्यांच्या लिंका उघडून देत होती, दुसऱ्यांच्या माहित्या भरत होती. एकदा तरी कुणी तरी तिला सांगावं, की शिकवणं ही गोष्ट नक्की कशी घडते. निबंधात तिने लिहिलं होतं, 'माझा हा व्हिडिओ चार वर्षांनंतरही दर आठवड्याला सात-आठ वेळा पाहिला जातो, यावरून त्याची उपयुक्तता लक्षात येते.' हे वाक्य लिहिल्यावर तिने नवऱ्याला वाचून दाखवलं होतं. आता तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं. कोण पाहतं? दर आठवड्याला, सात-आठ वेळा, कोण बसून पाहतं, आणि पाहून कुठे जातं? चौथ्या रकान्यात विचारलं होतं, साहित्यात काय त्रुटी राहिली असं तुम्हाला वाटतं. तिथे तिने लिहिलेलं होतं, 'वाऱ्यामुळे आवाज काही ठिकाणी अस्पष्ट आहे.'

फोन वाजला तशी ती दचकली. विनीत होता, नवरा. एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक. त्याच्या मागे गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. "भरलंस काय गो फारम?" त्याने विचारलं. ती म्हणाली, भरतेय. "भरतंय काय? कालपासून भरतंय! तीन ओळी रवल्यात म्हणत होतंस. की पुण्याक जाऊचा म्हणान आताच घाबारलंस?" तो हसला. "बाईमाणूस चाळिशीत कॉलेजात चल्ला, म्हणान सगळ्या डेपोत सांगून ठेवलंय मी. माका तोंडघशी पाडू नको." तिला वाटलं, सांगावं. त्याला सांगितलं तर तो काय म्हणेल हेही तिला ठाऊक होतं: काढून टाक, कोण बघूचा आसा. प्रेमानेच म्हणेल. आणि मग ते काढून टाकणं दोघांचं होईल. तिने विचारलं, "मिठबावची गाडी किती वाजता?" "दीडची. कित्याक?" बाबांच्या घरात कौलं बघायची आहेत, असं काहीतरी ती बोलली आणि तिने फोन ठेवला.

जुना मोबाइल कपाटातल्या कागदांखाली होता. तो चार्जिंगला लावला, सुरू झाला, तोवर ती समोर बसून राहिली. मूळ चित्रण सात मिनिटांचं होतं. चार मिनिटांचं करताना तिने तीन मिनिटं कापली होती, आणि त्या तीन मिनिटांत बाबा होते. तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं होतं, खोकल्यामुळे कापलं. कोरोनाच्या दिवसांत शाळेच्या व्हिडिओत म्हातारा खोकताना दिसला असता तर गावभर झालं असतं. ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि आज या टेबलापाशी पूर्ण खरं तिच्याकडे आपोआप चालत आलं. बाबांच्या अंगात भोकं पडलेला गंजीफ्रॉक होता. बाबा मालवणीत बोलत होते, आणि वरून सूचना होती की भाषा प्रमाण असावी. केंद्रप्रमुख बघणार होते. तिला आपल्या बापाची लाज वाटली होती. बाबांनी नंतर विचारलं होतं, "माजा काय झाला गो? माका खंय काढलंस?" आणि ती म्हणाली होती, बाबा, साइज जास्त होत होता. ते म्हणाले होते, बरा. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. तिने तीन मिनिटं ऐकली. एकदाच ऐकली. मग दोन्ही फोन पर्समध्ये टाकून ती दीडच्या गाडीला गेली. प्रतिक्रिया तिने काढली नव्हती. अर्जही बंद केला नव्हता. तो तिने मोबाइलवर उघडून घेतला होता, एक बटण दाबायचं राहिलेला.

गाडीत खिडकीपाशी बसून तिने तिथी काढली. काढायची नव्हती, पण ती सवय बाबांची. द्वितीया. दोन पाऊण दीड. दीडला भरती, म्हणजे ही गाडी सुटली तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली, आणि आता पाणी सुटलं असेल. उद्या तृतीया. उद्या रविवार, सकाळी सव्वाआठ. सात-आठ वेळा, दर आठवड्याला. उद्या सुट्टी, कुणीतरी नवं माणूस, कुणाची सून, कुणी घाटावरून आलेला मास्तर, फोन समोर धरून... बाहेर कलमं मोहरलेली होती, तो उग्र गोड वास गाडीभर पसरला होता. तिला तो दिवस दिसत होता, काठावरचा. शाळा बंद, पण बाई गावातल्याच, म्हणून पंचनाम्याला पंच म्हणून तिला बोलावलं होतं. हवालदाराला वाक्य जुळवता येत नव्हतं, ते तिनेच सुचवलं होतं. 'मयत स्त्री ही परगावची असल्याने तिला भरती-ओहोटीची माहिती नव्हती.' खाली तिची सही. वळणदार, शिक्षिकेची. पाटी पालथी पडली होती, तिच्याभोवती मुळे सांडले होते, ओले, तोंडं मिटलेले. पुष्कळ होते. तेव्हा तिच्या मनात आलं होतं, बिचारीने काढले मात्र चिकार. आणि नऊ वर्षांची दिव्या आजीच्या लुगड्याला धरून उभी होती आणि तेजस्वीकडे बघत होती, सारखी बघत होती. बाई म्हणून बघते आहे असं तिला वाटलं होतं. आईच्या शेजारी बसून, अक्षरं सांगून ती प्रतिक्रिया लिहायला या पोरीनेच मदत केली असणार. म्हणजे ही जाणते. चार वर्षं जाणते, आणि कुणाला बोललेली नाही. कशासाठी थांबली आहे?

मिठबावला उतरल्यावर ती आधी बाबांच्या घराकडे गेली, कुलूप न उघडता मागल्या पडवीत बसली, उठली, पुन्हा बसली. चार वाजले, साडेचार वाजले. भीतीची एक गंमत असते, ती माणसाला नाना कामं सुचवते. माडाखालची झावळं गोळा करावीत, विहिरीवरची दोरी बघावी, शेजारी डोकवावं. सव्वापाचला ती उठली ती फाशी द्यायला नेत असल्यासारखी चालत नर्मदेच्या अंगणात गेली. म्हातारी खळ्यात बसून आमसुलं निवडत होती. गुडघ्यांनी आता तिला खाडीपर्यंत जाता येत नव्हतं.

"कोण तां? बाबलीचा तेजस्वी मा?" नर्मदेने कपाळावर हात धरून पाहिलं. "कधी इलंस गो? बस. घराकडे इल्लंस?"

"तुका भेटूक इलंय, काकी."

"माका?" म्हातारी हसली. मग हसू तिथेच राहिलं आणि डोळे बदलले. "रुक्मिणीचा कायतरी?"

हे असं होईल याची तेजस्वीने तयारी केली नव्हती. नर्मदेने सूप बाजूला सारलं आणि जणू हिने विचारलंच होतं अशा आवाजात ती सांगायला लागली. "इतकी वर्सां कोणाक बोल्लंय नाय. तू शिकलेला, तुका सांगतंय. ती रोज माका विचारी, आज पाणी कधी, आज पाणी कधी. एक दिस माजा टाळक्या फिरला. म्हटलंय, दा वर्सां झाली हय येवन, अजून पाणी कळना नाय तुका? तुज्या बापाशीन काय शिकयल्यान? बापाशीर गेलंय गो मी. त्येच्या मगे तिना विचारूचाच सोडल्यान. माका वाटला, बरा झाला, कटकट गेली. आणि मगे ता झाला. रागान गेली ती. माका न विचारता गेली. विचारल्यान असता तर मी सांगलंय असता मा? सकाळी उठलंय काय पयला हेच येता मनात. मुंबयच्या झिलाक पण सांगूक नाय मी. त्येका सांगलंय, तर तो माका आवस म्हणात?"

तेजस्वीला आतून एक अत्यंत हलकं, अत्यंत घाणेरडं असं काही वर येताना जाणवलं. सुटका. कुणी तरी आधीच ते ओझं उचललेलं होतं. चार वर्षं उचललेलं होतं, त्याची सवय झालेली होती, आणि ही म्हातारी तशीही फार दिवसांची नव्हती. आपण फक्त गप्प बसायचं. 'असां काय नसता काकी' असं चार वेळा म्हणायचं, चहा प्यायचा, सहाच्या आत एक बटण दाबायचं. पर्समध्ये फोन थरथरला. विनीतचा असणार, आठवण करून द्यायला. भीती तिच्या कानात अगदी समंजस आवाजात बोलत होती, विनीतच्या आवाजात, केंद्रप्रमुखांच्या आवाजात, तिच्या स्वतःच्या शाळेतल्या गोड आवाजात. नर्मदेने पदराने नाक पुसलं आणि तिने पुन्हा सूप ओढून घेतलं. आमसुलांतला एकेक खडा काढून ती बाजूला टाकू लागली. ते बघवलं नाही म्हणून, फक्त ते बघवलं नाही म्हणून, तेजस्वीने फोन काढला.

"काकी, ती रागान नाय गेली," ती म्हणाली. "तिना लिवल्यान आसा. माज्या व्हिडिओखाली. वाचतंय." आणि तिने वाचलं. माका सगळा समाजला. आता सासूक इचारूचा लागाचा नाय. रुक्मिणी, दिव्याची आई.

म्हातारीने ते ऐकलं. मग म्हणाली, "परत वाच." तेजस्वीने परत वाचलं. नर्मदेचे ओठ हलत होते, एकेक शब्द ती तोंडात फिरवून बघत होती. "म्हणजे माका विचारूचा नाय म्हणान तिना तुका विचारल्यान," ती शेवटी म्हणाली. तिने मान वर केली. "तू काय सांगलंस तिका?"

अर्जातला कुठलाच रकाना इतका स्वच्छ विचारलेला नव्हता. दारात दिव्या उभी होती. ती कधी आली कळलं नाही. तेरा वर्षांची, उंच झालेली, हुबेहूब आईचं कपाळ. तिच्या हातात फोन होता. ती बाईंकडे बघत होती, पंचनाम्याच्या दिवशी बघत होती तशीच. आता ही बोलणार, तेजस्वीला वाटलं. ही याच्यासाठीच थांबली होती.

"मी सांगू, आजी?" दिव्या म्हणाली. आणि हात मागे बांधून, शाळेत पाठ म्हणतात तशी, शुद्ध मराठीत, तेजस्वीचेच चढउतार घेत, ती म्हणायला लागली. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल ती भरतीची वेळ. तीन पाऊण सव्वादोन. एक शब्द चुकला नाही. फळ्यावर खडू टेकवताना तेजस्वी जिथे थांबली होती तिथे ती थांबली. "ओहोटीची वेळ काढायची आणि त्या वेळेला आपण जायचं. आहे की नाही सोपं?" शेवटी ती हसलीही, बरोब्बर तेवढंच. मग आपल्या आवाजात म्हणाली, "माका सगळा पाठ आसा, म्याडम. मी कधी पण लावतंय तो. आवशीन लिवलेला आसा मा थंय. मी आणि आवस एकत्र बघू, ह्याच बाकड्यार बसान."

दर आठवड्याला सात-आठ वेळा. तेजस्वीने डोळे मिटले. या पोरीला काहीच माहीत नव्हतं. ती कशासाठीही थांबलेली नव्हती. ती फक्त आईच्या शेजारी बसायला येत होती, आणि बसल्या बसल्या तो धडा, तो अर्धा धडा, तिच्या हाडात जात होता.

नर्मदा मात्र नातीकडे बघत राहिली होती. खाडीत साठ वर्षं उतरलेली बाई. तिच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमल्या. "ओहोटीच्या वक्ताक जायचा?" ती म्हणाली. "आणि फुडचा?"

"फुडचा नाय," दिव्या म्हणाली. "थंय संपता."

"संपता कसा? भायर कधी येवचा ता खंय?"

"ता नाय त्येच्यात."

"फुडचा आसा," तेजस्वी म्हणाली. हातातला फोन पुन्हा वाजायला लागला होता. सहाला दहा कमी असणार, विनीत घड्याळ समोर ठेवूनच फोन करतो. तिने तो वाजू दिला. पर्समधला जुना मोबाइल काढून खळ्यातल्या जमिनीवर, आमसुलांच्या सुपाशेजारी ठेवला आणि त्यातली ती तीन मिनिटं लावली. आधी वारा आला. मग खोकला, लांबलचक, तिच्या बापाचा, आणि नर्मदा दचकून म्हणाली, "बाबली!" आणि तिने डोक्यावर पदर घेतला. फाटक्या गंजीफ्रॉकातला बाबली खाडीकडे बोट दाखवून मुलांशी बोलत होता. "पोरांनो, म्याडमीन सांगल्यान ता बरोबर. पण ता पाणी थांबूचा टायम. तेवा जायचा नसता, तेवा येवचा असता. पाणी सुटला काय त्येच्या मागसून उतराचा. आणि थांबला काय पाटी डोक्यार, मगे एक शिपी पण काढूची नाय. फुडचा पाणी दिसता. पाठचा दिसना नाय, आणि पाठचा पाणी आधी येता." पुन्हा खोकला. मागून तेजस्वीचा आवाज, जरा वैतागलेला: बाबा, पुरे आता. तिथे चित्रण संपलं.

खालच्या बाजूला पाणी सुटलेलं होतं. वाळूच्या पट्ट्याची पाठ उघडी पडू लागली होती. तेजस्वीला उठून पळावंसं वाटत होतं, पण ती बसून राहिली. नर्मदेने त्या काळ्या पडलेल्या मोबाइलवरून बोट फिरवलं.

"ह्यां इतकी वर्सां खंय होता गो?"

"माज्याकडे," तेजस्वी म्हणाली.

म्हातारीने तोंड दुसरीकडे वळवलं. दिव्या येऊन जमिनीवर बसली, फोनच्या अगदी जवळ, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून, आणि म्हणाली, "परत लावा."